केवळाबाईची मेगाली

केवळाबाईचे पोट महिनाभर दुखत होते, म्हणून तिचा मेंढपाळ नवरा येडबा तिला परभणीला नेऊन तिची सोनोग्राफी करवून आला. रिपोर्ट हातात पडला, पण तो वाचणारे डॉक्टर लग्नाला गेले होते आणि सोमवारी येणार होते. सून बबिता नर्सिंगला होती, पण तिची परीक्षा चालू होती आणि फोन होस्टेलात जमा होता. राणीसावरगावच्या घरात उरले ते येडबा आणि भिंतीवर चिकटवलेला बबिताचा तक्ता.

तक्त्यावर डॉक्टरी शब्दांचे तुकडे होते. पुढचा तुकडा अवयवाचा, मागचा दुखण्याचा. ते पाठ करताना बबिता रडकुंडीला यायची. येडबाला मात्र तिचे ऐकून ऐकूनच पाठ झाले, कारण त्याच्या कळपातली नावे अशीच होती. काळतोंडी लंगडी, तांबडकानी खोकली. पुढे खूण, मागे खोड. "ह्ये तर आपलंच हाय की," असे तो म्हणायचा, आणि तेव्हापासून त्याला स्वतःबद्दल फार आदर वाटू लागला होता.

इंग्रजी अक्षर मात्र येत नव्हते. म्हणून तो रिपोर्ट घेऊन किराणा दुकानवाल्या माणिकरावांकडे गेला. माणिकराव बारावीला बसले होते. पुढचे गावाने कधी विचारले नाही.

"नो हिपॅटोमेगाली," माणिकरावांनी वाचले.

"हिपॅटो म्हंजी कलेजी. मेगाली म्हंजी वाढलेली. कलेजी वाढली."

"नो स्प्लेनोमेगाली."

"तिल्ली बी वाढली."

"नो कोलेसिस्टायटिस."

"आयटिस म्हंजी सूज. पित्ताच्या पिशवीला सूज."

"पर येडबा, दर टायमाला पुढं नो हाय. नो म्हंजी न्हाई."

"जे न्हाई ते कोन कशाला लिव्हील, मालक? तुमी कोन्या मेंढराला 'लंगडी न्हाई' म्हनून हाक मारलेली आयकली का?"

माणिकरावांनी अशी हाक ऐकली नव्हती. "मंग नो कशाचा?"

दोघांनी रिपोर्ट उलटापालटा करून पाहिला. मग येडबाच हळू म्हणाला, "इलाजाचा. इलाज न्हाई."

तो घरी आला आणि काठवटीपुढे बसून भाकरी थापू लागला. चाळीस वर्षांत त्याने पिठाला हात लावला नव्हता. केवळाबाईने एक भाकरी होईपर्यंत वाट पाहिली.

"खरं सांगा, किती दिस हायत?"

येडबाने सगळे अवयव मोजून सांगितले आणि ढसाढसा रडला. खरेच, तिच्यावाचून त्याचे काही चालत नव्हते. केवळाबाई रडली नाही. मरायचेच तर मनावर ओझे ठेवून कशाला, असा तिने विचार केला.

"एक सांगू का? मागल्या दिवाळीला तुमचा मेंढा लांडग्यानं नेला न्हाई. म्याच येलदरीला माझ्या भावाला देला."

त्या मेंढ्यासाठी येडबा आठ दिवस रानोमाळ फिरला होता. "जाऊ दे. मेंढ्यापरीस तू लय मोठी."

एवढ्या स्वस्तात सुटल्यावर केवळाबाईला हुरूप आला. "आन् तुमची बासरी उंदरानं कुरतडली न्हाई. म्या चुलीत घातली."

"ते बी जाऊ दे."

पुढचे दोन दिवस ती बाजेवर बसून चहा पीत होती. जाऊ दगडाबाई भेटायला आली, तर वीस वर्षे पोटात ठेवलेले तिला तोंडावर सांगून मोकळी झाली. दगडाबाई मरणाऱ्या बाईला उलट काय बोलणार? ती पदर डोळ्याला लावून निघून गेली. केवळाबाईला पोटही जरा हलके वाटू लागले.

शनिवारी परीक्षा संपवून बबिता आली. तिने रिपोर्ट उभ्यानेच वाचला.

"मामा, आत्याबाईला काईच झालं न्हाई. कलेजी वाढली न्हाई, तिल्ली वाढली न्हाई, सूज न्हाई. सगळं नीट हाय. नुसता गॅस धरला असंल."

"पर जे न्हाई ते लिव्हलंय कशाला?"

"मामा, डॉक्टर जे बघतेत ते समदं लिव्हतेत. सापडलं न्हाई तरी."

देव्हाऱ्याकडे बघून येडबाने हात जोडले, केवळाबाईकडे बघून पुन्हा रडला, या वेळी आनंदाने. मग त्याने नाक पुसले, फेटा बांधला आणि कोपऱ्यातली काठी उचलली.

"आता कुठं चाललाव?" केवळाबाईने विचारले.

"येलदरीला. मेंढा आनायला. येताना दगडाबाईला बी सांगतो, तू बरी हायस म्हनून."

केवळाबाईने बाजेवरून उतरून रिपोर्ट पुन्हा सुनेच्या हातात कोंबला.

"बबिता, नीट वाच गं माय. एखादी तरी मेगाली असंल."