अंगठ्याखालचं घर

"अहो, माझं घर कुठं गेलं?"

विचारताना बाई घरातच बसल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या यजमानांनी, म्हणजे निवृत्त तपासनिसांनी, मान वर केली नाही.

पण घर संगणकातलं होतं. शेतीच्या त्या व्हिडिओ गेममध्ये लेकीनं, परदेशी जाण्याआधी, त्यांचं जुनं घर हुबेहूब बसवून दिलं होतं. अशा हौशी जोडकामाला मोड म्हणतात. एका वेबसाइटवर लोक ते एकमेकांना फुकट वाटतात; लेकीनंही हे घर तिथंच ठेवलं होतं. त्या घराचं दार उघडलं की लेकीचा आवाज येई, "आई, आले गं!" खरी लेक फोनवर "कामात आहे, मग बोलते" म्हणे आणि ते 'मग' काही उगवत नसे. म्हणून बाई रोज दुपारी ते दार उघडत. आज दाराच्या जागी कोबी उभा होता.

तपासनिसांचा जन्म पंख्यांच्या कारखान्यात माल तपासण्यात गेला. निवृत्तीनंतर हात शिवशिवत, म्हणून लेकीनंच त्यांना त्या वेबसाइटवर सभासद केलं होतं. गेम सुधारला आणि मोड जुनाच राहिला, की त्याला 'कालबाह्य' असा झेंडा लावायचा. मग बनवणारा दुरुस्ती करीपर्यंत तो मोड सगळ्यांच्या खेळातून गायब. तपासनिसांनी सपाटाच लावला. वशिला नको म्हणून बनवणाऱ्याचं नाव बघायचं नाही, ही कारखान्यातली शिस्त. इथंही ते पडद्यावरच्या नावावर अंगठा ठेवत.

"त्या अंगठ्याखाली आपली पोर होती!" बाई म्हणाल्या.

"नियम म्हणजे नियम, अगं."

"मग आता चहाही नियमालाच करायला सांगा."

तपासनिसांनी झेंडा काढायची खटपट केली. जमेना. मग वेबसाइटला त्या मोडखालीच जाहीर लिहून कळवलं, 'माल उत्तम आहे. तपासनीस गाढव आहे.' उत्तर ताबडतोब आलं: एका सभासदाला अपशब्द वापरल्याबद्दल आपलं खातं बंद करण्यात येत आहे.

संध्याकाळी फोन वाजला.

"बाबा, मला कालबाह्य कुणी ठरवलं?"

"नाव नाही गं बघितलं मी."

"आणि गाढव कुणाला म्हणालात?"

"मलाच."

पलीकडे हसू फुटलं. मग लेक फोन चालू ठेवूनच दुरुस्तीला बसली. "आई, स्वयंपाकघराची खिडकी डावीकडं होती ना गं?"

"डावीकडंच. कडी लागायची नाही, तू चमचा अडकवायचीस."

"आणि वाऱ्यानं तो पडला की तू मला ओरडायचीस!"

खिडकीवरून माळ्यावर, माळ्यावरून शेजारणीच्या मांजरावर, असं बोलणं चाललं. बाईंच्या हातातला चहा गार झाला. त्यांनी तो तसाच पिऊन टाकला.

अखेर फोन ठेवला गेला. "आलं बघ तुझं घर परत," तपासनीस सुटकेचा निःश्वास टाकत म्हणाले.

बाई संगणकाकडे फिरकल्याच नाहीत.

"अहो, हे पुन्हा जुनं कधी होईल?"

"गेमची नवी आवृत्ती आली की."

"मग त्या गेमवाल्यांना कळवा ना. एवढे कसले हात बांधून बसलात म्हणावं!"