तीन शेळ्या वाढल्या

आपण कधी मरणार हे शेळीला कळत नाही. पण शंभरातल्या किती मरणार हे मला कळतं! केजच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकले, ते काय पोळ्या मोजायला? आमच्या बायकांच्या गटाचा शेळी-विमा मीच बसवला. शंभरात पाच मरतात, म्हणून शेळीमागे वर्षाला पाचशे. मेली तर पुरावा म्हणून बिल्ल्यासकट कान आणायचा आणि आठ हजार न्यायचे. शिवाय मेलेल्या, पण अजून खबर न आलेल्या शेळ्यांसाठी सव्वीस हजार राखून ठेवले. लेक मेहेक मांडीवर दूध पिता पिता झोपली, की एका हातानं वही!

वर्ष संपलं. राखलेला पैसा मोकळा करण्याआधी सगळ्यांना विचारलं; शेवटचा फोन वस्तीवर चंद्रभागाबाईंना लावला.

"मावशी, शेळ्यांची काय खबर?"

"काय सांगू, अफसाना... माझ्या तिन्ही शेळ्या वाढल्या."

"अरे वा! मुबारक हो!"

मला आणखी चेव चढला.

"अजून वाढू द्या, मावशी! साऱ्या वस्तीच्या वाढू द्या!"

"असं कावून बोलतीस गं?" त्यांचा आवाज चिरकला. तेवढ्यात मेहेकनं फोन ओढून तोंडात घातला. बंद!

वहीत लिहिलं: नवीन मृत्यू शून्य. बाजाराच्या दिवशी उरलेले सव्वीस हजार बायकांना वाटून टाकले. काय ते कौतुक झालं माझं! मीही लग्नातल्या घोडीसारखी मान उडवत घरी आले.

आठव्या दिवशी चंद्रभागाबाई दारात. हातात मिठानं भरलेली पिशवी. मिठात, बिल्ल्यांसकट, तीन कान.

"तू तसं बोललीस, मग यायला मनच होईना."

"पण तुम्ही तर वाढल्या म्हणालात!"

"मंग? दारच्या जित्राबाला मेलं म्हनू? कुकू वाढतं, बांगडी वाढती..."

नारळ वाढवतात, दिवा वाढवतात, एवढं ठाऊक होतं. शेळ्याही वाढतात, हे कोणत्या पुस्तकात होतं?

मेहेकला काखेत मारून वाटलेले पैसे परत मागत दारोदार फिरले. कुणाच्या पैशाच्या चपला झालेल्या, कुणाचा कुकर. जमले अकराशे चाळीस.

चंद्रभागाबाईंनी ते न मोजता पदराला बांधले. मेहेकच्या गालावरून हात फिरवला. "हिला वाटीभर दूध आनीत होते. आता न्हाई जमायचं, माय."

माझ्यानं वर बघवेना. "बाकीचे मी देईन, मावशी. थोडे थोडे. पण वहीत आता काय लिहू?"

"लिही की," त्या उठता उठता म्हणाल्या, "फंड वाढला."