पंख्याखालची जागा

साडूभाऊंच्या हाताला निळा पट्टा आला आणि पंखेवाल्यांच्या हातची गादीची खुर्ची गेली.

म्हणजे खुर्ची घरातच होती. पण रविवारी सकाळी साडूभाऊ पट्टा दाखवायला वर आले तेव्हा पंखेवाल्यांच्या बायकोनं ती भिंतीजवळून पुढे ओढली, तिच्या हातावर आणखी एक उशी ठेवली आणि म्हणाली, "भावजी, इथं बसा. हात उशीवर ठेवा." त्या खुर्चीत तोवर पंखेवाल्यांशिवाय कोणी बसलं नव्हतं. ते पेपर हातात घेऊन जरा वेळ उभे राहिले आणि मग मुकाट्यानं स्टुलावर टेकले.

बायकोनं साडूभाऊंचा चहा बशीत ओतून गार केला. बिस्किटाचे तुकडे करून त्यांच्या डाव्या हाताशी ठेवले. पंखेवाल्यांचा चहा ओट्यावरच होता. तो त्यांनी स्वतः उठून आणला.

साडूभाऊ म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. ते खालच्या मजल्यावर राहत, हे वरच्या. दोघं कामालाही एकाच कारखान्यात, एकाच टेबलावर. खोकल्याच्या औषधाच्या भरलेल्या बाटल्या आधी पंखेवाल्यांसमोर येत. ते टोपण ठेवत, अर्धा फेरा देत आणि बाटली डावीकडे सरकवत. डावीकडे बसलेले साडूभाऊ तिला शेवटचा पीळ देत, टोपण करकचून बसेपर्यंत. पहिल्या जागेवर डोक्यावर पंखा होता, दुसऱ्या जागेवर नव्हता. कामाला लागले त्या दिवशी पंखेवाल्यांनी आपल्याला उकाड्यानं चक्कर येते असं सांगून पहिली जागा धरली, ती धरलीच. तेव्हापासून सगळे त्यांना पंखेवाले म्हणत. त्यांना वाटे, मानानं म्हणतात.

आता साडूभाऊंच्या अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजला होता. रोज तोच पीळ देऊन देऊन झिजला, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. भरपाई मंजूर झाली, हाताला पट्टा मिळाला आणि बाटल्या नुसत्या पुसायचं हलकं काम मिळालं.

साडूभाऊ खाली गेल्यावर बायको म्हणाली, "किती सोसलं हो भावजींनी. तोंडातून चकार शब्द नाही."

"मीही त्याच टेबलावर बसतो," पंखेवाले म्हणाले.

"तुम्ही पंख्याखाली बसता," ती म्हणाली आणि उशी उचलून आत गेली.

एवढ्यावर भागलं असतं तर पंखेवाल्यांनी गिळलं असतं. पण भरपाईच्या पैशातून मेहुणीनं कपडे धुवायचं मशीन घेतलं. कपडे धुऊन झाले की ते मशीन गाणं वाजवी. गाणं लहानसंच होतं, पण जिन्यातून थेट वरच्या घरात येई. ते वाजलं की बायको हातातलं काम थांबवून ऐकत राही. मग म्हणे, "ताईचे झाले वाटतं." आणि स्वतःचे कपडे पिळायला मोरीत जाई.

दोन-चार दिवस ते गाणं ऐकल्यावर पंखेवाल्यांचं मनगट दुखायला लागलं.

लागलं म्हणजे त्यांनी शोधून काढलं. अंगठ्याच्या मुळाशी दाबलं, काही नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला दाबलं, काही नाही. शेवटी डाव्या अंगठ्यानं सगळा जोर लावून एक जागा दाबली तेव्हा तिथं दुखलं. त्यांना फार बरं वाटलं. इतके दिवस आपणही सोसतच होतो, फक्त आपल्या स्वभावामुळे आपल्याला कळलं नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं. बायकोला हात दाखवला तर ती म्हणाली, "दाबून दाबून लाल केलाय. दाबू नका, म्हणजे नाही दुखणार."

त्यांना एवढंच हवं होतं की तिनं एकदा, साडूभाऊंना विचारते त्या आवाजात, दुखतंय का असं विचारावं. मशीन नंतर.

त्यांनी हाताला जुना मफलर गुंडाळला आणि भरपाईसाठी अर्ज केला. मुकादमानं वरून खाली पाहिलं आणि सांगितलं की कचेरीतल्या डॉक्टरीणबाई येऊन तपासतील, तोवर उजवा हात वापरायचा नाही, हवं तर साडूभाऊंशेजारी बसून बाटल्या पुसा. साडूभाऊंशेजारी, त्यांच्यासारखंच काम करायचं, म्हणजे त्यांच्यापेक्षा जास्त काही नाही. हे पंखेवाल्यांना पटेना. "मी हलकं काम घेणार नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "एक हात गेला तर दुसरा आहे."

मग ते डाव्या हातानं टोपणं बसवायला लागले. टोपणं वाकडी बसत. साडूभाऊंच्या जागेवर बदलीवर येणारे वैतागत. पंखेवाले ओठ आवळून काम करत आणि मधूनच कोणी बघतंय का ते पाहत.

घरीही तेच. डाव्या हातानं दाढी, डाव्या हातानं शर्टाची बटणं, डाव्या हातानं कुलूप. कुलूप उघडेपर्यंत आतून बायको येऊन दार उघडी. हनुवटीवर रोज नवा कापूस. बायको हे सगळं बघत होती. एक दिवस मात्र मोरीतून हाक आली, "अहो, चादर पिळायचीय. टोक धरा."

चादर एकटीला पिळता येत नसे. एरवी पंखेवाले दोन्ही हातांनी एक टोक धरून उभे राहत आणि ती दुसऱ्या टोकाला पीळ देई.

"माझा हात," पंखेवाले म्हणाले.

"उजवा ना? डाव्यानं धरा."

त्यांनी डाव्यानं धरलं. खाली मशीन गात होतं. पंखेवाल्यांना वाटलं, आता हिला दिसू दे एका हाताचा माणूस काय करू शकतो. ते नुसतं धरून राहिले नाहीत, उलट्या बाजूनं पिळायला लागले. चादरीतून पाण्याची धार लागली आणि डाव्या अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी कट्टकन वाजलं.

"चांगली पिळली," बायको म्हणाली. "आता दुसरी."

त्यानंतर रोजचे टॉवेल, विजारी, पडदे त्यांच्याकडे आले. डावा अंगठा सुजला. पण तो सुजलाय असं म्हणायची सोय नव्हती, कारण अर्ज उजव्याचा होता.

त्यातून साडूभाऊ फार चांगले वागत होते. स्वतःचं मलम आणून दिलं. रात्री हात उशाशी कसा ठेवायचा ते दाखवलं. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी जिन्यात गाठून म्हणाले, "साडूबुवा, बाईंनी विचारलं तर सांगा की शेवटचा पीळ आपण आलटून पालटून देत होतो. मी हो म्हणतो."

"तुम्ही कशाला खोटं बोलता?"

"अहो, घरातलीच गोष्ट आहे. तुमच्याकडे मशीन आलं तर हिची धाकटीही सुटेल."

साडूभाऊ चांगले आहेत याचाच पंखेवाल्यांना जास्त त्रास झाला. दुखणं त्यांचं, पट्टा त्यांचा आणि मोठं मनही त्यांचंच. आपल्या वाट्याला एवढंसुद्धा ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. तरुण होत्या, पायात नवे पांढरे बूट होते. टेबल रिकामं केलं होतं. साडूभाऊ साक्षीदार म्हणून एका बाजूला उभे होते, मुकादम दुसऱ्या. बाईंनी मफलर सोडला, उजवा हात हातात घेतला, दाबला, वळवला, अंगठा फिरवला. पंखेवाले वेळोवेळी कण्हले. बाईंनी मान हलवली आणि दोन्ही हातांत फरक किती ते बघायला डावा अंगठा धरला.

पंखेवाले स्टुलावरून वीतभर उडाले. मुकादमानं त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं.

"उजवा हात उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "विश्रांतीही भरपूर मिळालेली दिसते. या डाव्याचं काय केलंत?"

"चादरी पिळल्या," पंखेवाले हळू आवाजात म्हणाले.

"इथं?"

"घरी."

बाईंनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या की त्यांना एक कळत नाही. दोघं एकाच टेबलावर, काम एकच, मग यांचा सांधा झिजला आणि तुमचा नाही, हे कसं? साडूभाऊ लगेच पुढे झाले आणि म्हणाले की काम अगदी सारखं, शेवटचा पीळ दोघंही देतात, आलटून पालटून. बाईंनी पंखेवाल्यांकडे पाहिलं. पंखेवाल्यांनी मान हो अशी हलवली, पण ती पुरती हलली नाही.

"बरं," बाई म्हणाल्या. "उजव्या हातानं दाखवा. नेहमी करता तसंच."

त्यांनी भरलेल्या बाटल्या मांडायला लावल्या आणि नीट दिसावं म्हणून स्वतः टेबलाच्या डाव्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. वर पंखा फिरत होता. पंखेवाल्यांनी मनात ठरवलं होतं: टोपण ठेवायचं, फिरवायचं, आणि करकचून पिळायचं, साडूभाऊ पिळतात तसं. त्यांनी पहिली बाटली ओढली. टोपण ठेवलं. अर्धा फेरा दिला. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं बाटली डावीकडे सरकवून दुसरी घेतली.

डावीकडे कोणी नव्हतं. बाटली टेबलाच्या कडेवरून गेली, टोपण एकीकडे उडालं आणि खोकल्याचं लालभडक औषध डॉक्टरीणबाईंच्या नव्या पांढऱ्या बुटांवर ओतलं गेलं.

मुकादमानं डोळे मिटून घेतले. साडूभाऊंनी सवयीनं हात पुढे केला होता, पट्ट्याचा हात, तो तसाच राहिला. बाईंनी बुटांकडे पाहिलं, मग टोपणाकडे.

"शेवटचा पीळ कोण द्यायचं?" त्यांनी विचारलं.

साडूभाऊ तोंड उघडणार तेवढ्यात पंखेवाले म्हणाले, "हे द्यायचे."

"सगळ्या बाटल्यांना?"

"सगळ्या."

"आणि तुम्ही?"

पंखेवाल्यांनी वर पाहिलं. "मी पंख्याखाली बसायचो," ते म्हणाले.

भरपाई मिळाली नाही, हे सांगायला नको. घरच्या चादरींचा खर्च कारखान्यानं कशाला द्यावा, असं बाईंनी बरंच सभ्य भाषेत लिहिलं. मात्र जाता जाता त्यांनी मुकादमाला एक हुकूम दिला: टेबलावर कोणीही कायम एकाच जागेवर बसायचं नाही, जागा बदलत राहायच्या. त्यामुळे पंखेवाल्यांचा डावा हात बरा झाल्यावर दोघं पुन्हा शेजारी बसले, पण साडूभाऊ पंख्याखाली हलक्या हातानं टोपणं ठेवायला, आणि पंखेवाले त्यांच्या डावीकडे पीळ द्यायला.

पहिल्याच दिवशी पंखेवाल्यांचा शर्ट पाठीला चिकटला. शेजारी साडूभाऊंचे केस वाऱ्यानं भुरभुरत होते.

"साडूबुवा, वारा येतोय का तिकडे?" साडूभाऊंनी विचारलं.

"भरपूर," पंखेवाले म्हणाले.

सुट्टी होईपर्यंत त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागला. शोधावा लागला नाही, दाबावा लागला नाही, आपणहून आला. घरी जाताना त्यांनी तो हात खिशात ठेवला.

बायको मोरीत होती. त्यांनी चप्पल काढली, पाणी प्यायले, गादीच्या खुर्चीकडे पाहिलं आणि स्टुलावर बसले. ती दारात आली, पदराला हात पुसत जरा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

"दुखतंय का?" तिनं विचारलं. अगदी त्याच आवाजात.

या प्रश्नाचं उत्तर पंखेवाल्यांनी इतके दिवस पाठ करून ठेवलं होतं. ते चांगलं लांबलचक होतं.

"छे," ते म्हणाले. "कुठं काय."

"मग चादर धरा."

ते उठले. नेहमीसारखं त्यांचं टोक त्यांच्या हातात आलं, दुसऱ्या टोकाला तिनं पीळ द्यायला सुरुवात केली. ते धरून उभे राहिले आणि तिच्या हातांकडे बघायला लागले. पीळ घट्ट होत आला तशी ती मध्येच थांबली, मनगट झटकलं आणि परत पिळायला लागली. हे झटकणं त्यांनी साडूभाऊंच्या हाताचं रोज पाहिलं होतं. हिचं कधीपासूनचं होतं कोण जाणे.

"तुझं दुखतं का गं?" त्यांनी विचारलं.

तिनं संशयानं वर पाहिलं. "का? मीही अर्ज करू?"

"कोणाकडे?"

"तुमच्याकडेच. काम तुमच्याच घरचं ना?"

पंखेवाले चादरीच्या कडेनं पुढे गेले, तिच्या हातातलं टोक घेतलं आणि आपलं तिच्या हातात दिलं. "तू नुसती धर," ते म्हणाले, आणि ठणकत्या हातानं पीळ द्यायला लागले.

तेवढ्यात खालच्या मजल्यावर मशीनचं गाणं वाजलं. दोघांनी ते पुरतं ऐकून घेतलं आणि ऐकलंच नाही असं दाखवलं.