किशनमामांची खरेदी

किशनमामा माल घ्यायच्या आधी माणसाची जीभ बघत. भाव नंतर, नमुना नंतर. आधी जीभ.

"काढ भायेर. पुरी काढ. चोरू नगं."

आणि साठीला आलेला सुतारसुद्धा मुकाट्यानं जीभ बाहेर काढायचा.

परभणीत आमचा टायरगाड्यांचा कारखाना होता. ट्रकचे जुने टायर लावलेली बैलगाडी. साखर कारखाने ती ऊसतोडीवाल्यांना देत. कारखाना म्हणजे पत्र्याचं शेड, दोन वेल्डिंग मशिनी आणि आठ माणसं. मी स्टोअर सांभाळायचो. गाडीचा निम्मा माल बाहेरून यायचा. जुवं, म्हणजे बैलांच्या मानेवरची जोखडं, पोखर्णीच्या सुताराकडून, पट्ट्या चारठाण्याच्या लोहाराकडून, आणि हब, म्हणजे चाकाच्या मधला लोखंडी तुंबा, सुदामकडून. हे सगळं वेळेवर आणायची जिम्मेदारी मामांची. ते नक्की कुणाचे मामा होते ते कुणालाच माहीत नव्हतं. मालकसुद्धा मामाच म्हणत.

एकदा सुतार म्हणाला, "दसऱ्यापतोर चाळीस जुवं देतो."

मामांनी जीभ बघितली. "पिवळी हाय. पित्त झालंय, झोप न्हाई तुला. भाऊ कुठंय?"

"सासरवाडीला गेलाय."

"मंग चाळीस कशाची? पंचवीस लिहितो. बाकीची दुसरीकडं बगतो."

सुतार लय चिडला. दसऱ्याला सव्वीस जुवं आली. त्या एका जादा जुवावरून मामा आठवडाभर नाराज होते.

मालकांना हा सगळा खटाटोप नको होता. "मामा, औरंगाबादचा व्यापारी एका दमात सगळंच द्यायलाय."

"सगळं एकाच्या हाती दिलं अन् त्येनं ऐनवेळी मान टाकली, तर ऊस काय तुमी डोक्यावर वाहणार?"

तरी व्यापारी आला. सफारी सूट, हातात ब्रीफकेस. मामा म्हणाले, "जीभ काढा." व्यापारी ताडकन उठून गेला.

"लपवितो म्हंजी माल न्हाई," मामांनी निकाल दिला.

अठ्ठ्याहत्तरच्या त्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. सुदाम बौद्ध. आयटीआय करून आलेला, हाताचा पक्का. त्याची लेथ मशीन जिंतूर रस्त्यावरच्या एका गावात होती, आणि ते गाव मामांचंच. एका दुपारी जमाव आला. दुकानाचं दार फोडलं, मशीनची मोटर काढून विहिरीत टाकली. सुदाम बायकोला घेऊन परभणीत मेहुण्याकडं आला.

मालकांनी मामांना बोलावलं. "हब व्यापाऱ्याकडून मागवा. तुमच्या गावचे दोघं येऊन गेले. सुदामला काम द्यायचं न्हाई म्हणतात."

"हब पास कोण करतंय?"

"तुमी."

"मंग मी सुदामचंच पास करणार. दुसऱ्याचं एक बी घेणार न्हाई. काढून टाका मला."

मालकांनी काढलं नाही. मामांशिवाय त्यांना पोखर्णीचा रस्तासुद्धा माहीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मामांनी कारखान्यातली नवी टायरगाडी जुंपायला लावली. लेथ उचलून शेडात आणायची होती. सुदामला ते म्हणाले, "तू हितंच थांब. मी आणतो."

"माझी मशीन हाय मामा. मीच हाकणार."

सुदामनं मामांना उलटून बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मामा नुसतं "बरं" म्हणाले.

मीही गेलो. भर दुपारी आम्ही पहारी लावून लेथ गाडीत चढवली. मामा लेथवर जाऊन बसले आणि त्यांनी छत्री उघडली. पाऊस नव्हता. ऊनही नव्हतं.

पारापाशी दहा-बारा माणसं आडवी आली. पुढं मामांचा धाकटा भाऊ, बापूराव.

"दादा, खाली उतर. मशीन हितंच ऱ्हाईल."

मामांनी तोंड उघडलं. शब्दच फुटेना.

सुदाम कासरा धरून गाडीवर उभा राहिला. "बापूराव, तुमच्या गाडीचे हब म्या केलेत. पाराला उभ्या पाची गाड्यांचे म्याच केलेत. माझी मशीन ठिवून घ्यायची तर माझे हब काढून द्या. मी थांबतो."

सगळे आपापल्या चाकांकडं बघायला लागले.

"माझी गाडी उद्या बाजाराला जायची हाय बाबा," एक म्हातारा पुटपुटला आणि बाजूला झाला. मग दुसरा. मग तिघं. शेवटी एकटा बापूराव उरला.

"दादा, आजपासून घरचा उंबरा इसर," म्हणून तोही सरला.

तेव्हा मामांचा आवाज परत आला. "हाक रे सुदाम! मधून हाक! कडंनं कामून जायलाव?" परभणी येईपर्यंत ते गप्प बसले नाहीत. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला, कुणी विचारो न विचारो, गाडीत काय आहे आणि कुणाचं आहे ते सांगत राहिले.

नवी मोटर बसली. साखर कारखान्यांनी त्या वर्षी सांगितलेल्या साठच्या साठ गाड्या दसऱ्याआधी रवाना झाल्या. मालक ते श्रेय अजून स्वतःकडं घेतात. मला मात्र आठवतो तो त्याआधीचा महालक्ष्म्यांचा दिवस.

सगळ्यांना सुट्टी होती. हब मागं पडले म्हणून सुदाम एकटा काम करायला आला होता, आणि त्याला सामान काढून द्यायला मी. बघतो तर मामा स्टुलावर बसलेले. धुतलेलं धोतर, इस्त्रीची टोपी. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. सणाचं जेवण दरवर्षी भावाकडंच असायचं.

दुपारी सुदामची बायको कौसाबाई डबा घेऊन आली. माझं सणाचं जेवण घरी व्हायचं होतं. मामा डब्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "कौसाबाई, मला बी वाढ."

सुदामनं मशीन बंद केली.

"मामा, चार वर्षं तुमी आमच्या दुकानात येता. आमच्या माठातलं पाणी कदी पेला न्हाईत."

"न्हाई पेलो," मामा म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "आज मला कुणी बोलवलं न्हाई रे."

सुदाम बराच वेळ चिंधीनं हात पुसत राहिला. तेल केव्हाच निघालं होतं.

"डबा दोघांचा हाय," तो म्हणाला. "तिघांत खाऊ."

कौसाबाईनं पोतं अंथरलं आणि भाकरी मोडायला घेतली. मामा उठले. "आधी पाणी दे," म्हणाले.

तिनं घरून भरून आणलेला तांब्या दिला. मामांनी उभ्या उभ्या सगळा रिकामा केला, आणि परत पुढं धरला.