महाराजांच्या मुखावरचं तेज

एका जंगलात, बाळांनो, सिंहाचा दरबार भरत असे. त्या दरबाराचा एक रिवाज होता. आधी प्रत्येकाने महाराजांच्या मुखाची स्तुती करायची आणि मग उरलेल्या वेळात राज्यकारभार. वेळ फारसा उरत नसे.

एका सकाळी महाराज आले ते तोंड सुजवून. डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या.

"काय तेज चढलंय!" कोल्हा म्हणाला.

"अंगानं भरलात, महाराज!" तरस म्हणाला.

लांडग्याने सुजलेल्या पायांना हत्तीची उपमा दिली. हत्तीलाही बरं वाटलं.

राजवैद्य साळिंदर मात्र पुढे सरकला. महाराज बछडा असताना त्यानेच त्यांना मध चाटवून खोकल्यातून वाचवलं होतं. जीव होता त्याचा महाराजांवर.

"महाराज, लघवीला नीट होते का?" त्याने विचारलं.

दरबार हादरला. मुखस्तुतीच्या वेळी असला प्रश्न!

"पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना दोन मूत्रपिंडं असतात," साळिंदर म्हणाला. "अंगातलं सगळं रक्त ती दिवसभर धुतात. घाण आणि जादा पाणी बाहेर टाकतात, कामाचं ते परत आत घेतात. तुमची दमलीत, म्हणून पाणी अंगात साचतंय. कोल्होबा तुम्हाला देतात ते गुडघेदुखीचं चूर्ण आधी बंद करा, त्यानंच ती बिघडतात. मीठही कमी करा."

"दमलीत तर बोलत का नाहीत?" महाराज गुरगुरले.

"हीच त्यांची खोड. अर्ध्याहून जास्त निकामी होईपर्यंत हूं की चूं करत नाहीत."

"तक्रार नाही, म्हणजे आजार नाही," कोल्हा म्हणाला. "आम्ही राज्य असंच चालवतो."

साळिंदर बडतर्फ झाला. चूर्ण दुप्पट झालं.

वर्षभरात महाराजांना अन्न नकोसं झालं. अंगाला खाज सुटली, चार पावलांत धाप लागू लागली. लघवी जवळजवळ थांबलीच. मग साळिंदराला मागल्या वाटेने बोलावणं गेलं.

"आता कुणीतरी आपलं एक मूत्रपिंड द्यायला हवं," तो म्हणाला. "देणारा उरलेल्या एकावर जगतो." (या जंगलात कुणाचंही कुणाला बसत असे. तेवढं चालवून घ्या.)

महाराजांना हायसं वाटलं. सगळा दरबार रोज जीव ओवाळून टाकायला तयार असे! त्यांनी लगेच दरबार भरवला.

"जीव नको," ते म्हणाले. "एक मूत्रपिंड पुरे."

तरस आपल्या नखांकडे बघू लागला. लांडग्याला घरचं काम आठवलं.

"माझं घ्या, महाराज," मागून साळिंदर म्हणाला.

"बडतर्फ प्राण्याचं मूत्रपिंड राजाच्या अंगात?" कोल्हा कडाडला. "शोभतं का? आणि आजची मुखस्तुती राहिलीय, तिचं काय?"

रिवाज तो रिवाज. महाराजांनी मान डोलावली.

स्तुती सुरू झाली. त्या दिवशी कुणीच आटोपतं घेईना. तरसाने नुसत्या मिशांवर दुपार केली. साळिंदर काकुळतीला येऊन मध्ये मध्ये "अहो, महाराजांकडे बघा!" म्हणत होता. "बघूनच बोलतोय," असं त्याला सुनावण्यात आलं.

ऊन कललं तेव्हा महाराजांची मान एका बाजूला पडली होती. साळिंदर धावत गेला, छातीला कान लावला आणि तिथेच रडत बसला.

"वा!" कोल्हा म्हणाला. "मुखावर काय शांती आहे!"

तात्पर्य : राजासाठी जीव द्यायला सगळेच तयार असतात. म्हणून शहाण्या राजाने जीवच मागावा, मूत्रपिंड मागून कुणाला अडचणीत टाकू नये.