गरजेपुरता कॉम्प्युटर

पद्मजाताई कर्णिकांनी पाठ टेकली, डोळ्यांवर ओला नॅपकिन ठेवला आणि बेल वाजली. ती वाजणारच होती. मुलुंड पूर्वेच्या 'निशिगंध' सोसायटीत लोकांना तक्रारी सकाळपासून सुचत असतील, पण त्या सांगायला यायचं ते सेक्रेटरीबाई जेवून आडव्या झाल्यावरच, असा जणू ठरावच झाला होता. शेजारच्या पलंगावर त्यांचे यजमान शरच्चंद्रराव कानातलं यंत्र काढून गाढ झोपले होते. सुखी माणूस!

दारात तिसऱ्या मजल्यावरची सपना होती.

"ताई, झोपला नव्हतात ना?"

"छे गं. बोल."

"काही नाही, लिफ्टमध्ये कुत्र्याचे केस दिसले. म्हटलं, सांगून ठेवावं."

सांगून ठेवून सपना निघून गेली आणि झोपही तिच्या मागोमाग गेली. 'फक्त एका वर्षापुरतं हो' म्हणत गळ्यात घातलेलं हे सेक्रेटरीपण नऊ वर्षं झाली तरी उतरत नव्हतं. दरवर्षी ताई राजीनामा द्यायच्या आणि दरवर्षी सगळे जमिनीकडे बघत बसायचे. ताईंना आता कशाची म्हणून हौस उरली नव्हती. दुपारी सलग दोन तास झोप मिळावी, एवढंच मागणं होतं.

आणि एके दिवशी गच्चीत कपडे काढताना दुसऱ्या मजल्यावरची श्वेता सहज म्हणाली, "काकू, मी घेते ना चार्ज. पण सगळं कॉम्प्युटरवर पाहिजे हां. ती जाडजूड रजिस्टरं हाताने लिहायची म्हणजे माझी वाटच लागेल."

श्वेता घरूनच नोकरी करायची, चुणचुणीत होती. ताईंना तिची अलाबला घ्यावीशी वाटली. वार्षिक सभा महिन्यावर आली होती. त्यांनी त्याच आठवड्यात कमिटीची मीटिंग बोलावली.

"सोसायटीला कॉम्प्युटर घ्यायचाय. टायपिंग आणि प्रिंट, बस्स. साधासा," ताई म्हणाल्या.

इथे विषय संपायला हवा होता. पण तळमजल्यावरच्या नितेशने हात वर केला. नितेश आयटीत होता, त्यामुळे वायरीचा विषय निघाला की सगळे त्याच्याकडे बघत.

"काकू, असं नाही चालत. आधी रिक्वायरमेंट बघायची. सगळ्यांची."

सगळ्यांची! ताईंनी घड्याळाकडे बघितलं.

"मग माझी आधी ऐका," चेअरमन कुंडलिकराव सावंत म्हणाले. सावंत तापले की थेट मालवणात पोचायचे. "चारय कॅमेरे एका टायमाक दिसूक होये. मोठ्या स्क्रीनवर! गॅलरीतसून कचरो कोण टाकता, ता माका बघूचा हा!"

"आणि गणपतीतले मुलांचे डान्स?" सपना म्हणाली. "व्हिडिओ एडिट करायला दरवर्षी कुणाच्या तरी हातापाया पडते मी. त्याची सोय नको?"

"मग ग्राफिक्स कार्ड दणकट लागेल," नितेश खुर्चीत पुढे सरकला. "आणि आंटी, आय मीन काकू, आत्ता घेतला तर दहा वर्षं टिकला पाहिजे ना? थोडं वरचंच घेऊया." नितेशला घरी बायको गेम खेळू देत नाही हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते बोलून कोण दाखवणार?

"तुमची काय रिक्वायरमेंट, काकू?" त्याने शेवटी विचारलं.

"झोप," ताई म्हणाल्या. सगळे हसले. ताई हसल्या नाहीत.

कुणाचंही मन मोडायचं नाही ही निशिगंधची जुनी रीत. सगळ्यांच्या गरजा सर्वानुमते मंजूर झाल्या आणि खरेदी सर्वानुमते ताईंवर सोपवली गेली.

स्टेशनजवळच्या दुकानात चंद्रप्रकाश नावाचा मालक होता. "आंटी, यूज काय आहे?" त्याने विचारलं.

"टायपिंग," ताई म्हणाल्या आणि पुढे बाकीचं सगळं सांगत सुटल्या. तो ऐकतच राहिला.

"टायपिंगला हा छोटा डबा पण मस्त चालेल. तुम्ही बोलता तसा तर पिक्चर बनवणारे नेतात."

ताईंचा जीव त्या छोट्या डब्यावर जडला. त्यांनी तिथूनच एकेकाला फोन लावला. सावंत म्हणाले, "त्याच्यात कॅमेरे दिसतील?" सपना म्हणाली, "ताई, माझंच का कापताय पण?" नितेश म्हणाला, "रॅम विचारा." मग ताई रॅम विचारायला गेल्या. प्रोसेसर विचारायला पुन्हा गेल्या. हार्ड डिस्क नको, एसएसडीच हवी, म्हणून भर उन्हात पुन्हा गेल्या. हे सगळं दुपारीच, कारण दुकानात तेव्हा गर्दी नसते. शेवटी शेवटी तर दुसऱ्या गिऱ्हाइकाला त्याच परस्पर सांगू लागल्या, "अहो, नुसते फोटो बघायला कशाला एवढं ग्राफिक्स कार्ड? आठ जीबी पुष्कळ झालं तुम्हाला."

"आंटी, तुम्ही दुकानातच बसत जा," चंद्रप्रकाश म्हणाला.

कॉम्प्युटर आला तो टेम्पोतून. काचेच्या पोटाचा धिप्पाड डबा, आत लाल-हिरवे-निळे दिवे आणि सरसर फिरणारे पंखे. वर स्कीममध्ये फुकट मिळालेली एक काळी-लाल अजस्र खुर्ची, मानेला उशी, पायाला पाट. सोसायटीचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. खुर्ची आत जावी म्हणून गणपतीचं मखर सावंतांच्या गॅलरीत गेलं आणि शिडी ताईंच्या पॅसेजमध्ये आली.

"खुर्ची परत न्या हो," ताई काकुळतीला आल्या.

"स्कीमचा माल परत नाही घेत, आंटी."

सावंतांनी नारळ फोडला, नितेशने बटण दाबलं, डब्यात दिवे नाचू लागले. सपना म्हणाली, "झकास!" नेमका तेव्हाच वॉचमनने टाकीचा पंप लावला. फट् झालं, आणि दिवे, पंखे, पंप, लिफ्ट सगळं बंद पडलं. त्या संध्याकाळी कुणाच्याच नळाला पाणी आलं नाही. ताईंच्या बेलचं बटण मात्र लोकांनी दाबून दाबून आत रुतून बसलं.

इलेक्ट्रिशियनने डोकं खाजवलं. "पंप आणि हा एकत्र नाही चालणार, मॅडम. लोड झेपत नाही. सगळी वायरिंग बदलावी लागेल."

वायरिंगचा विषय पुढच्या वर्षीच्या सभेवर ढकलला गेला. पंप चालायचा सकाळी आणि संध्याकाळी. म्हणजे कॉम्प्युटर चालणार फक्त दुपारी. हे कळलं तेव्हा ताई जिन्याच्या पायरीवरच बसल्या. मग स्वतःची समजूत घालत म्हणाल्या, जाऊ दे, आता दुपार श्वेताची!

वार्षिक सभेत ताईंनी राजीनामा वाचला आणि आशेने श्वेताकडे बघितलं. श्वेता ओशाळली होती.

"काकू, सॉरी. दुपारी मला ऑफिसचे कॉल असतात, एकामागोमाग एक. आणि खरं तर कॉम्प्युटर कशाला घेतलात? मी माझ्या लॅपटॉपवरच करणार होते."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलंच नाही ना!"

"मग कर की लॅपटॉपवर!" ताईंचा आवाज चिरकला.

"ह्या शक्य नाय!" सावंत उठून उभे राहिले. "एवढो कॉम्प्युटर घेतलो आणि काम दुसरीकडे? सोसायटीचं काम सोसायटीच्याच कॉम्प्युटरवर! आणि तो ताईंशिवाय कळतो कुणाला?"

टाळ्या पडल्या. पुढची पाच वर्षं पद्मजाताईच, सर्वानुमते. ताईंना रडू येत होतं. लोकांना वाटलं, भारावल्या.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्या पाय ओढत जिन्याखाली गेल्या. त्रास नको म्हणून आतून कडी घातली. डबा सुरू केला आणि मान अवघडली म्हणून खुर्चीच्या बाजूचा दांडा ओढला. खुर्ची हळूहळू मागे गेली. आणखी मागे गेली. पार आडवी झाली. पाय पाटावर, मान उशीवर. काचेच्या डब्यातले पंखे घूं घूं करत होते. मुख्य म्हणजे, या खोलीला बेल नव्हती.

हल्ली ऑफिसच्या दारावर पाटी असते: 'संगणकाचे काम चालू आहे. कृपया व्यत्यय आणू नये.' सावंत तिथून चपला हातात घेऊन जातात. "बाई किती राबते बघा," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

बेल अजून वाजतेच, फक्त आता यंत्र कानात ठेवूनच झोपावं लागतं आणि उठावंही लागतं ते शरच्चंद्ररावांना. कानातलं यंत्र चाचपत ते दार उघडतात.

"काका, ताई आहेत?"

"ऑफिसात आहे," ते जांभई दाबत म्हणतात. "तो कॉम्प्युटर अपडेट व्हायला लागलाय."

"किती वेळ लागेल?"

"चहापर्यंत. रोजचंच आहे."