बैठकीला घातलेला गॉगल

"आता कुणाच्या बापाला माझं डोळं दिसायचं न्हाईत!"

गणपतरावांनी दिलदारच्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर मूठ आपटून हे जाहीर केलं. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत उभा जन्म गेल्यामुळे त्यांची कुजबुजसुद्धा रस्त्यापलीकडे ऐकू जायची. समोरचा पानवाला दचकून बघायला लागला.

अडचण नाजूक होती. हा माणूस पेटत्या भट्टीसमोर पापणी न हलवता उभा राहायचा; पण लेकीच्या, सोनमच्या, लग्नाचा विषय निघाला की डोळ्यांना नळ लागायचा. मागच्या स्थळाची माणसं तर पोहे अर्धे टाकून उठली होती. त्यांना वाटलं, घरात कुणीतरी गेलंय! आता गगनबावड्याचं स्थळ आलं होतं. मुलगा, प्रसेनजीत, शाळेत मास्तर आणि सोनमला मनापासून पसंत. हेही स्थळ रडून घालवलं असतं तर बायकोनं, सोनूबाईंनी, गणपतरावांनाच भट्टीत घातलं असतं.

"मग साधा काळा गॉगल घ्या की," दिलदार म्हणाला.

"आणि बिननंबरचं काय दिसणार मला? पावणं समजून कॅलेंडरला जय भीम घालीन!"

दिलदार खुलला. असं गिऱ्हाईक रोज येत नाही. त्यानं निळं, सोनेरी, चंदेरी अशी मिरर कोटिंगची सगळी वरात काउंटरवर मांडली. "ह्यात समोरच्याला त्याचं त्येलाच तोंड दिसतंय. तुमी आत हसा न्हाय तर रडा. आणि पोलराइज्ड घ्या. पाण्यावरची चकाकी जाती." त्यानं तळ्याचं एक चित्र पुढं धरलं. "काय दिसतंय?"

"पाणी."

दिलदारनं त्यांच्या चष्म्यापुढं एक काच धरली. "आता?"

"आयला! मासा!"

झालं. त्या माशानं सौदा पक्का केला. "ह्यातनं काही मोबाईल काळं दिसत्यात बरं का, जरा मान तिरकी करून बघायचं," हे दिलदारनं सांगितलं. पण गणपतराव तोवर चित्रात दुसरा मासा शोधत होते. मुंबईहून नंबरच्या काचा आल्या. चंदेरी! गॉगल लावून ते घरी येताच सोनूबाईंनी नवऱ्याच्या डोळ्यांत बघून टिकली सरळ केली.

"अवो, पर घरात गॉगल घालून बसल्यावर पावणं काय म्हणतील?"

"डोळं आल्यात म्हणून सांग!"

खरं तर त्यांना एकच गोष्ट पदरात पाडून घ्यायची होती. लग्न डिसेंबरात. म्हणजे पावसाळा, दिवाळी, सगळं होईपर्यंत लेक घरात. मुहूर्त-पंचांगाची भानगड त्यांच्याकडे नव्हतीच, त्यामुळं तारीख ठरणार ती बैठकीत. आणि बैठकीत मुलीच्या मामानं बोलायचं, बापानं शेवटी फक्त मान हलवायची. बापानं मान हलवली की शब्द गेला. मग आकाशपाताळ एक झालं तरी तो फिरत नाही.

"दाजी, काळजी नगं," सोनूबाईंचा भाऊ आकाराम म्हणाला. "त्यांनी वंगाळ काय मागितलं तर तुमी नुसती आडवी मान हलवा. फुडचं मी बघतो."

ऐन उन्हाळ्यात बैठक बसली. वरबाप जोतीराम दारात आले, गळाभेटीसाठी हात पसरले आणि "डोळं आल्यात" ऐकताच तिथंच थबकले. लांबूनच जय भीम झाला. मग पंगत! सोनूबाईंनी मटणाचा असा रस्सा केला होता की पावण्यांनी ताटं चाटूनपुसून ठेवली. गणपतरावांनीही कसूर केली नाही. जेवल्यावर सगळे सतरंजीवर टेकले. गणपतरावांना मुद्दाम एकट्याला, लांब, बरोबर पंख्याखाली बसवलं, डोळ्यांची साथ पावण्यांना लागू नये म्हणून.

आदल्या रात्री काळजीनं त्यांचा डोळा लागला नव्हता. वर पंखा, पोटात रस्सा, डोळ्यांपुढं गारेगार अंधार. पावण्यांचं शेतीपाण्याचं बोलणं सुरू झालं आणि गणपतराव ताठ बसल्या जागी झोपले!

बाहेरून काही कळेना. गॉगलात पावण्यांना आपापलीच तोंडं दिसत होती. प्रसेनजीतनं तर त्यात बघून भांगही नीट केला. "लई कडक माणूस दिसतोय," जोतीराम शेजाऱ्याच्या कानात म्हणाले.

मधल्या दारातून बघणाऱ्या सोनमला मात्र शंका आली. आप्पा एवढा वेळ गप्प? तिनं त्यांना मेसेज टाकला, 'आप्पा, जागं हायसा न्हवं?' खिशात फोन थरथरला. गणपतराव अर्धवट जागे झाले, फोन डोळ्यांपुढं धरला. स्क्रीन काळाठिक्कर! 'मेला वाटतं फोन,' असं मनाशी म्हणून त्यांनी तो खिशात टाकला आणि पुन्हा झोपले.

इकडं जोतीरामांनी घसा खाकरला. "आमची इच्छा अशी हाय की, लगीन आषाढी पुनवेला, आमच्या गावात, नव्या विहारात व्हावं."

आषाढात! गगनबावड्यात! जिथं पावसाळ्यात घरातसुद्धा छत्री लागते! आकाराम मनातल्या मनात हसला. आता दाजी आडवी मान हलवणार, मग चहा येणार, मग गाडी डिसेंबरवर येणार.

"दाजी, काय म्हणतासा?"

दाजींची मान सावकाश छातीवर गेली. वर आली. परत खाली गेली.

"व्हय म्हणाले!" कुणीतरी ओरडलं. आत सोनूबाईंच्या हातातलं पातेलं खणकन पडलं. त्या आवाजानं दचकून जागे होत गणपतरावांनी तोंड उघडलं, तर त्यात अख्खा पेढा कोंबला गेला.

"डिशेंबर!" ते पेढ्यासकट गरजले.

सगळ्या माना त्यांच्याकडं वळल्या. शब्द तर गेलेला. आकारामनं घाम पुसला. "दाजी म्हणत्यात, डिसेंबरपतोर कशाला थांबायचं!"

"वा, पावणं!" जोतीरामांनी डोळ्यांची साथ विसरून त्यांना मिठी मारली.

पावणं गेल्यावर सोनूबाईंनी जे काही ऐकवलं, त्यातलं निम्मं इथं लिहिता येणार नाही. "लेकीची तारीख झोपंत देऊन बसलासा! दिवाळीला कुणाला ववाळायला लावणार आता? त्या गॉगलाला?" गणपतराव गॉगल न काढता कोपऱ्यात बसून राहिले. त्यांना स्वतःचाच फार राग आला होता.

आषाढी पौर्णिमा उजाडली म्हणायची, कारण उजेड काही दिसला नाही. गगनबावड्यात आभाळ फाटलं होतं. कोल्हापूरची वऱ्हाडी मंडळी लुगडी आणि विजारी वर खोचून विहारात पोचली. वीज गेलेली. नव्या विहाराचे पत्रे घाईघाईनं ठोकलेले, त्यावर पाऊस असा बडवत होता की भन्तेंचा आवाज कुणाला ऐकूच येईना. आणि त्या अंधारात गणपतराव गॉगल लावून, छाती पुढं काढून उभे!

"बाई गं, कसला बाप!" एक म्हातारी म्हणाली. "लेक चाललीया आणि डोळ्यात टिपूस न्हाय!"

निरोप द्यायची वेळ आली. सोनम आप्पांपुढं उभी राहिली. दोन्ही काचांत तिला स्वतःचं तोंड दिसत होतं, पावसानं विस्कटलेल्या गजऱ्यासकट. तिनं त्यात बघून गजरा नीट केला. मग गॉगलच्या खालून बोट घालून हळूच त्यांचे डोळे पुसले. एक झाला, मग दुसरा.

"आप्पा, जागं हायसा न्हवं?"

"व्हय बाळा," गणपतराव म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज शेजारच्यालाही ऐकू गेला नाही.

जोतीराम हे लांबून बघत होते. ते जवळ आले आणि व्याह्यांना धरून वळचणीला घेऊन गेले.

"पावणं, दुकान कुठलं?"

"कसलं?"

"गॉगलचं. माझ्या धाकटीचं फुडच्या वर्षी करायचं हाय."

"नंबर हाय काय?"

"नंबर न्हाय वो. डोळं चांगलं हायत. नुसतं..." जोतीरामांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "नुसतं भरून येतंय, अजून ठरलं न्हाय तरी."

गणपतरावांना हा माणूस एकदम सख्ख्या भावासारखा वाटला. "दिलदारकडं जाऊया, मी येतो संगं. चंदेरीच घ्या. फकस्त एक ध्यानात ठेवा, जेवल्यावर बैठकीला बसू नगासा. मान आपोआप हालती."

जोतीरामांनी तोंडावरचं उपरणं खाली घेतलं. वरून पत्र्याचं पाणी दोघांच्या पायांवर पडत होतं.

"म्हंजे त्या दिवशी तुमी..."

"झोपलोतो."

"आरं भल्या माणसा!" जोतीरामांनी कपाळावर हात मारला. "आमी आषाढ म्हणालो ते नुसतं म्हणायचं म्हणून! बैठकीत पयलं बोलत्यात ते सोडायलाच की! आमालाबी डिसेंबरच पायजे व्हता. हिथं पत्रंसुदिक बसलं नव्हतं. तुमी लगीच व्हय म्हणालासा, मग आमी कसं न्हाय म्हणायचं?"

गणपतरावांनी काढायला घेतलेला गॉगल पुन्हा नीट चढवला. आता त्याची खरंच गरज होती.